सातबारा नसलेल्यांचं विज्ञान

माझ्याकडे एक हजेरीपट आहे, 2017 सालच्या ऑगस्टमधला. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आमच्या संस्थेने 'सुरक्षित फवारणी' या विषयावर प्रशिक्षण ठेवलं होतं, त्याच्या सह्या त्यात आहेत. एकूण 42. वेळ सकाळी 11, स्थळ ग्रामपंचायतीचं सभागृह. चहा-बिस्किट झालं, प्रत्येकाला मास्क, हातमोजे आणि चष्मा असलेली एकेक पिशवी दिली. अहवालात मी लिहिलं होतं, 'प्रतिसाद उत्तम.'

दीड महिन्याने त्याच गावातला एक माणूस पऱ्हाटीत फवारा मारता मारता खाली बसला. तोंडाला फेस, अंगभर घाम, डोळ्यांपुढे अंधार. पाठीवरचा पंप सोडवायलाही दोघे लागले. ऑटोत घालून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा त्या वॉर्डात फवारणीवालेच होते, एका खाटेवर दोन दोन. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. हे आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं आहे. आमच्या गावचा माणूस वाचला. मी त्यांना काका म्हणते.

त्या रात्री घरी येऊन मी हजेरीपट काढला आणि काकांचं नाव शोधलं. ते नव्हतं. त्यांच्या मालकाचं होतं. आम्ही दिलेली पिशवी मालकाच्या ओसरीत खुंटीला टांगलेली होती, वरचं प्लास्टिकही फोडलेलं नव्हतं.

सकाळी 11 वाजता शेतमजूर कुठे असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी आई निंदणाला जायची. तरी मी ती वेळ ठरवली, कारण ग्रामसेवक त्या वेळी हजर असतात, कृषी सहायकांना सोयीचं पडतं आणि फोटोला उजेड चांगला मिळतो. बाबासाहेबांचं नाव घेऊन काम करणाऱ्या, समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या बाईकडून हे झालं. म्हणून हा लेख.

लोकांपर्यंत नवं विज्ञान नेण्याच्या कामाला सरकारी भाषेत 'विस्तार' म्हणतात. कृषी विस्तार, आरोग्य विस्तार. एम.ए.ला या विषयात एव्हरेट रॉजर्स अभ्यासावा लागतो. 1962 साली आलेलं त्याचं नवकल्पनांच्या प्रसारावरचं पुस्तक या शास्त्राचा पाया मानतात. रॉजर्सने माणसांचे पाच गट केले. नवं सगळ्यात आधी करून बघणारे अडीच टक्के, त्यांच्या मागोमाग येणारे साडेतेरा टक्के, मग 34 आणि 34 टक्क्यांचे दोन मोठे गट आणि शेवटी उरलेले 16 टक्के 'लॅगार्ड', म्हणजे मागे रेंगाळणारे. आमच्या नोट्समध्ये त्याचं भाषांतर 'परंपरावादी, उदासीन' असं होतं. परीक्षेत मी ते तसंच लिहिलं आणि मार्क मिळवले.

या शास्त्राची सुरुवात अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या मक्यापासून होते. रायन आणि ग्रॉस या दोन संशोधकांनी 1943 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वस्त्यांमधले 259 शेतकरी घेतले आणि संकरित मका कोणी कधी पेरला याची नोंद केली. 1928 ते 1941 या काळात दोघे सोडून सगळ्यांनी तो पेरला होता. रॉजर्स स्वतः आयोवाच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांनीही संकरित मका पेरायला बराच काळ नकार दिला होता. 1936 च्या दुष्काळात शेजाऱ्याचा मका उभा राहिला, यांचा वाळला, तेव्हा ते वळले. गोष्ट चांगली आहे. पण त्या शेतात एक साधी गोष्ट गृहीत धरलेली आहे. जमीन ज्याची, पेरणारा तोच. निर्णय ज्याचा, नफा-तोटाही त्याचाच.

आपल्या पऱ्हाटीच्या शेतात बघा. कोणतं औषध आणायचं हे मालक ठरवतो. मालकाला ते कृषी केंद्रवाला सांगतो. दोन-तीन औषधं एकत्र करायचा सल्लाही तोच देतो. पाणी वाहून आणते मजुराची बायको. बादलीत काडीने ढवळतो मजूर, काडी नसली तर हाताने. पंप पाठीवर त्याचाच, नोझल अडकलं की तोंडाने फुंकून मोकळं करणाराही तोच. त्याच हाताने तो खर्रा घोटतो. संध्याकाळी ते कपडे धुते बायको, बहुतेक वेळा लेकराच्या कपड्यांसोबत. आता या साखळीत 'नवं तंत्र स्वीकारणारा' नेमका कोण? रॉजर्सच्या तक्त्यात मालक पहिल्या गटात बसतो. त्याच्याकडे बॅटरीचा पंप आहे, नवं औषध आहे, प्रशिक्षणाला त्याची सही आहे. त्याच्या नवेपणाचं विष मात्र ज्याच्या अंगावर उडतं, त्याला तक्त्यात घर नाही. तो 'उदासीन' सुद्धा नाही, कारण उदासीन ठरायला आधी कोणीतरी विचारावं लागतं.

रॉजर्सवर अन्याय नको करायला. पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्याने स्वतःच कबूल केलं की या शास्त्राचा कल प्रत्येक नव्या गोष्टीला चांगलंच मानण्याकडे आहे आणि व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या माथी मारण्याकडेही आहे. पण पुस्तकातली ही कबुली शासनाच्या परिपत्रकात येत नाही.

त्याच पुस्तकात पेरू देशातल्या लॉस मोलिनोस या गावाची हकीकत आहे. आरोग्यसेविकेने बायकांना पाणी उकळून प्यायला सांगितलं. दोन वर्षं घरोघर फिरली. सुमारे 200 कुटुंबांपैकी फक्त 11 बायकांना तिला नव्याने वळवता आलं. गावाच्या समजुतीप्रमाणे उकळलेलं पाणी आजारी माणसाचं. शिवाय तिचं ऐकलं ते गावात ज्यांना फारसं कोणी विचारत नाही अशा बायकांनी. रॉजर्सचा निष्कर्ष असा की तिने चुकीच्या बायका गाठल्या. गाव ज्यांचं ऐकतं, त्यांना आधी पटवायला हवं होतं.

इथे थांबून विचार करा. आपल्याकडे गाव कोणाचं ऐकतं? ज्याची जमीन जास्त, ज्याच्या घरासमोर चावडी, ज्याच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यातही टिकतं त्याचं. म्हणजे परदेशातलं पुस्तक आणि आपली जातव्यवस्था एकाच ओसरीवर येऊन बसतात. 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, पुढच्या वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली. सत्तरच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने 'प्रशिक्षण आणि भेट' पद्धत आली. तिच्यात तर नियमच होता. कर्मचाऱ्याने दर पंधरवड्याला निवडक 'संपर्क शेतकऱ्यां'ना भेटायचं, पुढे ते इतरांना सांगतील. ज्या विहिरीवर आपल्या आज्यांना पाणी वरून ओतून मिळायचं, तिथून ज्ञान मात्र आपोआप झिरपत खाली येईल, असा हा विश्वास. आजही प्रात्यक्षिकाचा प्लॉट बघा. डांबरी रस्त्याला लागून असतो, फलक लावलेला असतो आणि फलकावरचं आडनाव वाचलं की बाकी काही विचारावं लागत नाही.

आणि कागद. बहुतेक शेती योजनांच्या अर्जाला सातबारा आणि 8-अ लागायचा. शेतकरी अपघात विम्याची योजना खातेदार शेतकऱ्यासाठी सुरू झाली, नंतर त्याच्या कुटुंबातला एक सदस्य त्यात आला. त्याच्या शेतात फवारा मारणारा मजूर आला नाही. काका दवाखान्यातून सुटले तेव्हा मी चार कार्यालयं फिरले. एका साहेबांनी सहानुभूतीने विचारलं, "सातबारावर नाव आहे का?" मी नाही म्हणाले. त्यांनी फाईल परत दिली. तो माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. आपली बरीचशी ऊर्जा वाईट माणूस शोधण्यात जाते.

दिवाळीनंतर मी पुन्हा त्या वस्तीत गेले. या वेळी विहारात, रात्री साडेआठला, वंदना झाल्यावर. आणि तिथे मी दुसरी चूक केली. आपल्या सगळ्यांची आवडती चूक आहे ती. मी भाषण ठोकलं. संविधानाचं कलम 51 अ, वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य, 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने ते आलं, बुद्धाने सांगितलं आहे की तपासल्याशिवाय मानू नका. वीस मिनिटं बोलले. माणसं शांत ऐकत होती. आपली माणसं भाषण शांतपणे ऐकतात, ती सवय आपणच लावली आहे.

मग काका बोलले. आवाज अजून बसलेला होता.

"ताई, तुमी सांगता ते सारं खरं हाय. वाऱ्यात फवारा मारू नये, दुपारी मारू नये, मले बी समजते. पन पंपामागं पैसे भेटते. दिवसाचे वीस पंप मारले तं घर चालते. मी म्हनलं का वारं सुटलं, आता बंद, तं मालक म्हनते, उद्या येऊ नको. मंग तुमचं कलम घेऊन मी कोनाकडं जाऊ?"

पंपामागे 25-30 रुपये. एवढा एक आकडा माझ्या सगळ्या प्रशिक्षण आराखड्यात नव्हता. पंपावर मजुरी असली की माणूस घाई करणार, दुपारीही मारणार, पाणी प्यायला थांबणार नाही. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा वरून तोंडावर पडत होता. तरी तो थांबणार नाही. त्याला अज्ञानी म्हणणं म्हणजे आपलं गणित कच्चं असणं.

दुसरा धडा एका मावशीने दिला. ती म्हणाली, "आमी त्याले औषध म्हनतो नं बाई. औषधानं कोनी मरते का?" खरंच, आपण सगळेच म्हणतो. औषध आणलं, औषध मारलं. दुकानाच्या पाटीवर औषध, प्रशिक्षणाच्या बॅनरवर औषध, माझ्या अहवालातही औषध. ज्या हाताने लेकराला तापाचं औषध पाजायचं त्याच हाताने ही बाटली फडताळात त्याच्या शेजारी ठेवायची. त्या रात्री मावशीने ठरवलं, आपण जहर म्हणायचं. पहिले काही दिवस पोरं हसली. पण 'जहर आणलं' असं म्हटल्यावर बाटली घरात ठेवायला हात धजत नाही, हे मी बघितलं आहे. बाटल्या बाहेर गेल्या, गोठ्याच्या आढ्याला, लेकरांचा हात पुरणार नाही अशा जागी. माझ्या कोणत्याही तक्त्याने हे केलं नव्हतं.

मग मी भाषण सोडलं आणि वस्तीतल्या रिकाम्या बाटल्या गोळा करायला सांगितलं. प्रत्येक कीटकनाशकाच्या बाटलीवर चौकोनात एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतितीव्र विष, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात कमी. हा नियम 1971 चा आहे. रंग याचसाठी दिला की वाचता न येणाऱ्यालाही कळावं. त्या विहारात तीसेक माणसं होती. त्यातली निम्मी वीस-वीस वर्षं पंप मारत होती. तो त्रिकोण कशाचा, हे एकालाही माहीत नव्हतं. ज्याच्यासाठी खूण केली त्याला सोडून ती सगळीकडे छापली गेली. बाटल्यांची रांग लावली तेव्हा लाल-पिवळ्यांचाच ढीग मोठा झाला. कोणी काही बोललं नाही. मग एका म्हाताऱ्याने प्रत्येक बाटलीला आपल्या शेतमालकाचं नाव लावायला सुरुवात केली, ही अमक्याकडची, ही तमक्याकडची. त्या रात्री वस्तीने स्वतःचं सर्वेक्षण केलं.

बीटी बियाण्याच्या पाकिटाची गोष्टही तशीच. 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅम साध्या कपाशीचं बी यायचं. ते कडेने लावायचं, म्हणजे बोंडअळीला बीटी पचवायची सवय लवकर लागत नाही. बहुतेकांनी ते फेकलं. का लावायचं हे कोणी समजावलं नाही, आणि दोन एकरवाल्याला त्यातल्या ओळी कपाशीशिवाय सोडल्यासारख्याच वाटणार. बीटी 2002 साली आलं, गुलाबी बोंडअळी त्याला पुरून उरली, फवारे वाढले आणि ते वाढलेले फवारे काकांच्या पाठीवर आले.

पुढच्या हंगामाआधी, 2018 च्या जूनमध्ये, वस्तीतल्या फवारणीवाल्यांनी एक बैठक घेतली. मी हजर होते, पण बोलले नाही. म्हणजे एकदा बोलले, तेव्हा मावशीने हाताने गप्प केलं. मागण्या तीनच ठरल्या. मजुरी पंपावर नाही, रोजाने. काम सकाळी सहा ते दहा. धुऱ्यावर साबण आणि दोन घागरी पाणी मालकाने ठेवायचं. मास्कची मागणी त्यांनी केलीच नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ते प्लास्टिक अंगावर टिकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्याऐवजी जुना पूर्ण बाह्यांचा सदरा फक्त फवारणीसाठी वेगळा काढायचा आणि तो वेगळा धुवायचा. आयटीआय झालेल्या एका पोराने शाळेच्या प्रोजेक्टची पारदर्शक फाईल कापून टोपीला शिवली, तोंडासमोर पडदा तयार. खर्च नाही म्हणावा इतका. पडद्यावर वाफ धरते म्हणून त्याने खाली फट ठेवली.

सगळ्या मालकांनी मानलं का? नाही. पाच-सहा जणांनी मानलं, कारण गेल्या वर्षीच्या बातम्यांनी तेही घाबरले होते. दोघांनी बाहेरगावचे मजूर आणले. एकाने काकांना सरळ सांगितलं, "तुमच्यातली ती बाई आल्यापासून तुम्ही माजले." रोजाची मजुरी दोन हंगाम टिकली, तिसऱ्या वर्षी लॉकडाऊननंतर शहरातून परतलेली पोरं मिळेल त्या भावाने पंप उचलू लागली आणि अर्ध्या गावात पुन्हा पंपामागे पैसे सुरू झाले. साबण मात्र राहिला.

आता आपल्या चळवळीशी भांडण. आपण विज्ञान म्हणतो तेव्हा बहुधा काय म्हणतो? अंगारे-धुपारे, बुवाबाजी, नवस, मुहूर्त. ते बोललंच पाहिजे, त्यासाठी माणसं जिवानिशी गेली आहेत. पण जयंतीच्या व्याख्यानमालेत गेल्या दहा वर्षांत मी फवारणीवर, पाण्याच्या तपासणीवर, सोयाबीनच्या उगवण चाचणीवर एकही व्याख्यान ऐकलं नाही. गोणपाटावर 100 दाणे ओले करून ठेवायचे, किती उगवतात ते मोजायचं, सत्तर उगवले तर पेरायचं. याच्याइतकी तपासल्याशिवाय न मानण्याची सोपी शाळा दुसरी कोणती? आपल्याकडेही कोणी दोन एकर गायरान कसतो, कोणी बटईने करतो. पण हा विषय 'शेतकी खात्याचा' म्हणून आपण सोडून दिला.

जोतीरावांनी सोडला नव्हता. 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये भटशाही आणि नोकरशाहीची चिकित्सा करता करता ते पाण्याची बंधारी, मेंढरांची पैदास, शेतकीची प्रदर्शनं, शेतकऱ्यांच्या मुलांचं शिक्षण याच्या तपशिलात उतरतात. बाबासाहेबांनी 1918 साली लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. शेत लहान म्हणून शेती तोट्यात, असं सगळे म्हणत होते. बाबासाहेबांनी विचारलं, त्या शेतामागे भांडवल किती, अवजारं किती, आणि त्याच तुकड्यावर किती माणसं लादलेली आहेत? दोष तुकड्याच्या आकारात शोधू नका, हा त्यांचा रोख. मला तो निबंध एम.ए.ला लावलेला नव्हता, पुढे स्वतः शोधून वाचला. वाचताना पंपामागचे 25 रुपये आठवत होते.

काही मित्र म्हणतील, हे सुधारणावादी काम आहे, साबण आणि घागर मागून व्यवस्था बदलत नाही. असेल. पण धुऱ्यावर पाणी ठेवायला मालकाला भाग पाडणं, आणि ते पाणी वरून न ओतता घागर आपल्या हातात घेणं, याला छोटं काम म्हणायला मी तयार नाही. आपला इतिहास पाण्यापासूनच सुरू होतो.

गेल्या जूनमध्ये मी गावात होते. काका आता फवारणीला जात नाहीत, शेळ्या राखतात. मावशी विहाराच्या पायरीवर बसली होती, मला बघून थोडी सरकली. तिने विचारलं, "ताई, ते तननाशकाचं प्रशिक्षन कवा ठेवता?" मला वाटलं तिला त्याचा त्रिकोण विचारायचा आहे. मी लगेच रंग सांगायला लागले.

"रंग राहू द्या," ती म्हणाली. "औंदा अर्ध्या गावात ते चोरबीटी लावलं. तननाशक मारलं का तन जळते, पऱ्हाटी उभी राह्यते. निंदाले कोनी बोलवतच नाही. पयले दोन मयने निंदन चालायचं. आमच्या हातातला तेवढाच पैसा व्हता."

हे बियाणं आपल्याकडे मंजूर नाही, तरी ते गावोगाव मिळतं. 2019 मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात ते उघडपणे पेरून आंदोलनही केलं, तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य मागितलं. त्या मागणीत मालकाचा वाचलेला निंदणाचा खर्च होता. तो खर्च ज्यांची मजुरी होती, त्या बायकांना कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. माझ्या पिशवीत त्या दिवशी तणनाशकाच्या सुरक्षित वापराची 50 घडीपत्रकं होती.

मी ती बाहेर काढली नाहीत. वही काढली आणि मावशीला विचारलं, वस्तीतल्या किती बायका निंदणाला जायच्या. ती बोटांवर मोजायला लागली. पहिलं नाव तिने स्वतःचं सांगितलं.